खिडकीखालचा गोल स्विच आणि ब्रिटनमधली केबल नेमकी कधीची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या भाच्याने उत्तर इंग्लंडमध्ये १९३० च्या आसपास बांधलेलं घर घेतलं. रंगकामाच्या वेळी हॉलच्या खिडकीखाली बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचा, एक गोल स्विच निघाला. त्याच्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत. मागची वायर खिडकीच्या चौकटीतून बाहेर पडून पन्हळीखालून शेजारच्या घराकडे गेली आहे. शेजारचे आजोबा म्हणाले, ही जुनी केबल. तुम्ही मात्र वाचलंय की ब्रिटनमध्ये केबल टीव्ही १९८४ साली सुरू झाली. मग खरं कोण?

दोघंही खरे. १९८४ हे कायद्याचं साल आहे, तारेचं नाही. तार त्याच्या कितीतरी आधी घरोघरी पोचली होती, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न वेगळाच आहे: तार इतकी आधी पोचली होती, तर तिथे केबलचा धंदा अमेरिकेसारखा का फोफावला नाही?

मी १९७३ पासून दहा वर्षं यॉर्कशरमधल्या एका गिरणगावात अशाच तारांची देखभाल केली. पुण्याहून रेडिओचा डिप्लोमा करून गेलो होतो, मामा तिकडे कापडगिरणीत होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाकडं लिहायचंय.

आधी स्विच. फोटो नसल्यामुळे छातीठोक सांगता येत नाही. गावागावात पद्धत वेगळी होती आणि कंपनीकंपनीत वस्तू वेगळ्या. पण आमच्या कामातला ठोकताळा सांगतो. भाच्याला म्हणावं, झाकण काढून तारा मोज. दोन किंवा चारच तारा असतील आणि शेजारी आवाज कमी-जास्त करायची खुंटी असेल, तर तो रेडिओचा पॉइंट. आठ किंवा जास्त तारा असतील, दोन दोन करून पीळ घातलेल्या, तर टीव्हीचा. एकाच घरात आधी रेडिओचा आणि नंतर त्याच जागी टीव्हीचा बसवलेला असणंही अगदी शक्य आहे. आम्ही जुनी भोकं वाया घालवत नसू.

आता तारेची गोष्ट. ती रेडिओच्याही आधी सुरू होते. लंडनमध्ये १८९५ साली इलेक्ट्रोफोन नावाची सेवा निघाली. टेलिफोनच्या तारेवरून नाटकगृहातली गाणी, संवाद आणि रविवारी चर्चमधलं प्रवचन घरबसल्या ऐकायचं. सोहोमधल्या जेरार्ड स्ट्रीटला तिचं एक्स्चेंज, म्हणजे तारा जोडायचं केंद्र होतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मायक्रोफोन मांडलेले असत. वर्गणी वर्षाला पाच पौंडांच्या घरात, म्हणजे हा श्रीमंतांचा शौक. अगदी भरात असतानाही वर्गणीदार दोनेक हजारांच्या पुढे गेले नाहीत. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसी सुरू झाली आणि हवेतून फुकटात गाणं यायला लागल्यावर इलेक्ट्रोफोनचं दुकान १९२५ साली बंद पडलं.

गंमत अशी की त्याच १९२५ च्या जानेवारीत साउदॅम्प्टनजवळच्या हाइद नावाच्या गावात ए. डब्ल्यू. मेटन या विजेच्या सामानाच्या दुकानदाराने उलटा उद्योग सुरू केला. स्वतःकडे एक चांगला रेडिओ आणि ॲम्प्लिफायर ठेवायचा, आणि तिथून गावातल्या घरांत तारा ओढून फक्त स्पीकर द्यायचे. दर आठवड्याला दीड शिलिंग. हवेतून आलेली गोष्ट पुन्हा तारेत घालून विकणं हा वरवर पाहता वेडेपणा वाटतो. पण तेव्हाचा रेडिओ कसा होता ते आठवा. लाखो घरांत वीज नव्हती, दिवे गॅसचे. रेडिओ बॅटरीवर चाले. त्यातली एक ॲसिडची काचेची बॅटरी, ती दर आठवड्या-पंधरवड्याला हातात धरून दुकानात चार्जिंगला न्यायची, सांडली तर पँटला भोक. शिवाय सेटची रोख किंमत कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या पगाराएवढी. त्याऐवजी भिंतीवर एक पेटी, एक खुंटी, ना वीज ना बॅटरी, आणि आठवड्याला दीड शिलिंग. गिरणी कामगाराच्या बायकोने काय निवडलं असेल?

मेटनचा पसारा लहानच होता, पण कल्पना पसरली. १९२८ साली ब्रॉडकास्ट रिले सर्व्हिस नावाची कंपनी निघाली, तिचं पहिलं गाव क्लॅक्टन. हीच पुढे रेडिफ्यूजन या नावाने ओळखली गेली. (मुंबईतली त्याच नावाची जाहिरात एजन्सी १९७३ ची, तिची इथे गल्लत नको.) १९३५ च्या अखेरीला देशभरात अशी तीनशेवर एक्स्चेंजं आणि दोन लाखांवर वर्गणीदार होते. तुमच्या भाच्याचं घर नेमकं याच काळातलं.

या धंद्याला घरांची रचना फार सोयीची होती. तिकडची कामगारांची घरं म्हणजे आपल्या बैठ्या चाळीवर एक मजला चढवावा तशी, भिंतीला भिंत लागून तीस-चाळीस घरांची रांग. पन्हळीखालून एक तार धावली की पूर्ण रांग जोडली गेली. अडचण यायची रस्ता ओलांडताना. टेलिफोन खात्यासारखा रस्ता खणायचा किंवा खांब रोवायचा हक्क कंपन्यांना नव्हता. छपरावरून छपरावर तार न्यायला नगरपालिकेची परवानगी, आणि मधल्या प्रत्येक घरमालकाची वेगळी. एक मालक 'नाही' म्हणाला की सगळी रांग फिरून दुसऱ्या टोकाकडून जोडायची. आमच्या कार्यालयात भिंतीवर एक मोठा नकाशा होता, त्यात अशी 'नाही' म्हणणारी घरं लाल पेन्सिलीने गोल केलेली. त्यातले बरेच मालक मरून वीस-वीस वर्षं झाली होती, तरी तारा त्यांना वळसा घालूनच जात होत्या.

माझी एक जुनी ग्राहक होती, सत्तरीची, गिरणीत आयुष्य गेलेलं. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा स्पीकर, कापडावर चुलीच्या धुराचा पिवळा थर. १९७५ साली मी तो बदलायला गेलो तर तिने हात लावू दिला नाही. म्हणाली, "रविवारी आम्ही याच्यावर लक्झेंबर्ग ऐकायचो. चर्चमधून आलं की आधी हा, मग जेवण."

तिच्या त्या एका वाक्यात ब्रिटिश केबलची सगळी कुंडली आहे. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांचा रविवार म्हणजे धार्मिक आणि गंभीर कार्यक्रमांचा दिवस. लोकांना हवी होती गाणी. ती १९३० च्या दशकात रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३ नंतर रेडिओ लक्झेंबर्ग या परदेशी, जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रांवरून मिळत. साध्या सेटवर ती खरखरत येत. रिले कंपनीच्या, म्हणजे तारेवरून रेडिओ पोचवणाऱ्या कंपनीच्या उंच एरियलवर मात्र स्वच्छ. खुंटी एका बाजूला फिरवली की बीबीसी, दुसऱ्या बाजूला लक्झेंबर्ग. बीबीसीला हे झोंबलं. कार्यक्रमांचा आपण ठरवलेला समतोल एक दुकानदार मधेच बसून मोडतोय, ही तक्रार. रेडिओ बनवणारे कारखानदारही विरोधात, कारण सेट खपणार नाहीत.

मग परवाना देणाऱ्या पोस्ट खात्याने अटी घातल्या. दोन लक्षात ठेवा. एक, कंपनीने स्वतःचा कार्यक्रम तयार करून तारेवर सोडायचा नाही. दोन, एखादा कार्यक्रम तारेवर घ्यायचा म्हणून कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. वर प्रत्येक घराने दहा शिलिंगांचा रेडिओ परवानाही काढायचा, घरात रेडिओ नसला तरी. १९३६ साली प्रसारणाचा विचार करणाऱ्या सरकारी अल्स्वॉटर समितीने तर हा सगळा धंदाच पोस्ट खात्याने ताब्यात घ्यावा आणि कार्यक्रम बीबीसीने ठरवावेत अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, पण परवाने मुदतीमुदतीने वाढवत कंपन्यांना कायम टांगतं ठेवलं. उद्या धंदा राहील की नाही हे ठाऊक नसेल तर कोण जाड, चांगली तार टाकेल?

बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता पी. पी. एकर्स्ली १९२९ मध्ये तिथून बाहेर पडले आणि तारेचे कट्टर पुरस्कर्ते झाले. हवेत जागा मोजकी, तारेत हवी तेवढी वाढवता येते, हा त्यांचा मुद्दा. आज तुमच्या घरात येणारी फायबर पाहिली की माणूस किती पुढचं पाहत होता ते कळतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

टीव्ही मात्र या धंद्याला लागलेली लॉटरीच होती. बीबीसीची टीव्ही सेवा १९३६ ला सुरू झाली, लढाईत बंद पडली, १९४६ ला पुन्हा उभी राहिली. १९४९ ला सटन कोल्डफील्ड, १९५१ ला होम मॉस असे मोठे मनोरे आले. तरी दरीत वसलेल्या गावांना चित्र कुठलं मिळायला? डोंगर आडवा. मिळालं तरी दुहेरी प्रतिमा, एका निवेदकाशेजारी त्याचं भूत. १९५१ साली ग्लॉस्टरमध्ये तारेवरून टीव्ही सुरू झाली आणि मग रेडिओच्या जुन्या कंपन्या एकेक करून यात उतरल्या. टेकडीवर एरियल, तिथून खाली गावात तार. १९५३ च्या राज्याभिषेकाने सगळ्यांनाच टीव्ही हवासा झाला. १९५५ ला आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी खासगी वाहिनी आली, तिला वेगळं एरियल आणि सेटवर कन्व्हर्टर लागे. १९६४ ला बीबीसी टू आली, तिचं चित्र ६२५ ओळींचं, म्हणजे आधीच्यापेक्षा बारीक, तिला पुन्हा तिसरं एरियल आणि नवा सेट. तारवाल्या घरात मात्र खिडकीखालच्या स्विचला एक टिचकी.

इथे थोडं तंत्राचं सांगतो, कारण तुमच्या त्या अक्षरांचा उलगडा यातच आहे. आपल्याकडच्या जुन्या केबलवाल्याची एकच जाड कोअ‍ॅक्सियल वायर असे, तिच्यात सगळे चॅनल वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर कोंबलेले, आणि निवड टीव्हीचा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, करी. आमच्याकडे उलट होतं. एका चॅनलला तारांची एक जोडी. ए म्हणजे पहिली जोडी, बी म्हणजे दुसरी. तुम्ही स्विच फिरवता तेव्हा सेटमध्ये काहीच बदलत नाही, फक्त सेट दुसऱ्या जोडीला जोडला जातो. म्हणून आमच्या सेटला ट्यूनरच नसे. चित्र काही मेगाहर्ट्झच्या, म्हणजे टीव्हीच्या मानाने अगदी खालच्या फ्रीक्वेन्सीवर, आणि आवाज तर सरळ आवाजाच्याच रूपात त्याच जोडीवर. फ्रीक्वेन्सी जितकी वर तितकी तारेत गळती जास्त, हा साधा हिशोब. खालच्या फ्रीक्वेन्सीमुळे ॲम्प्लिफायर दूर दूर ठेवता येत, सेट स्वस्त पडे, बिघाड कमी.

जोड्यांना पीळही वेगवेगळ्या अंतराचा घातलेला असे, नाहीतर एका जोडीचं चित्र दुसरीत पाझरायचं. जोडणी करताना कुणी आळस करून दोन इंच जास्त पीळ सोडवला, की बीबीसीच्या बातम्यांमागे आयटीव्हीची जाहिरात अंधुक तरंगताना दिसे. पहिल्या वर्षी अशा दोन तक्रारी माझ्याच हातच्या होत्या.

फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्याचा एक शनिवार माझ्या कायम लक्षात आहे. दुपारी फोन, पूर्ण रांगेला आवाज नाही. चित्र आहे, जरा फिकट, पण आवाज गुल. नवा पोरगा म्हणाला ॲम्प्लिफायर गेला. मी म्हटलं नाही, शिडी काढ. जोडीतली एकच तार तुटली की असं होतं: चित्राची वरची फ्रीक्वेन्सी तुटलेल्या टोकांमधून, शेजारच्या तारांच्या आधाराने कशीबशी उडी मारून जाते, आवाजाला ती उडी जमत नाही. चौथ्या घराच्या पन्हळीखाली पाहिलं तर छपराच्या पाट्या बदलणाऱ्या गवंड्याने खिळा बरोबर केबलमधून ठोकलेला. मी जोड दिला तेव्हा मध्यंतर होत आलं होतं. खाली वीसेक माणसं शिडीला घेराव घालून उभी. आवाज आला तशी ती क्षणात घरात गायब, शिडी धरायलाही कुणी उरलं नाही.

आता वाकडं. आमच्या कंपनीला दुरुस्तीवर पैसे खर्चायचे नव्हते. जिथे केबल बदलायला हवी तिथे जोडावर जोड. साहेबांचं म्हणणं एकच, "किती वर्षं राहिलीत?" आणि ते अगदी चूकही नव्हतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून यूएचएफचे, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीवर टीव्ही सोडणारे, लहान लहान मनोरे डोंगराडोंगरावर उभे राहत होते. एका एरियलवर तिन्ही चॅनल, तेही रंगीत. देशभरात वीस लाखांवर घरं तारेवर होती, पण आमच्या गावच्या समोरच्या टेकडीवर मनोरा लागला त्या वर्षी एका उन्हाळ्यात एका रांगेतली अकरा घरं मी स्वतः तोडली. तारेने त्यांना जास्तीचं असं काहीच दिलं नव्हतं. फक्त तेच चित्र, स्वच्छ. स्वच्छ चित्र हवेतून मिळालं की आठवड्याचे पैसे कोण भरणार?

तार जास्तीचं काही देऊ शकते का, हे पाहायचे प्रयत्न झाले. १९६६ ला लंडनच्या काही भागात आणि शेफील्डला पैसे भरून सिनेमे दाखवायचा प्रयोग झाला. विस्ताराला सरकारने परवानगी दिली नाही, तो १९६८ ला गुंडाळला. १९७२ ला मंत्री क्रिस्टोफर चॅटवे यांनी पाच ठिकाणी गावचे स्थानिक कार्यक्रम तारेवर दाखवायला मुभा दिली: ग्रिनिच, ब्रिस्टल, शेफील्ड, स्विंडन, वेलिंगबरो. गावातल्याच लोकांनी कॅमेरा धरायचा, शाळेचं नाटक, पालिकेचं भांडण. कल्पना फार गोड. पण सुरुवातीला जाहिराती घ्यायला बंदी, म्हणजे खर्च सगळा कंपनीच्या गळ्यात. बहुतेक दोन-चार वर्षांत आटपले. स्विंडनचं लोकांनीच चालवायला घेतलं म्हणून ते तगलं.

म्हणून तुमच्या १९८४ कडे येतो. १९८२ मध्ये थॅचर सरकारला वाटलं की केबलमधून माहिती तंत्रज्ञानाची क्रांती होईल. केबलचा विस्तार कसा करावा यावर हंट समितीचा अहवाल आला, १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये अकरा भागांचे परवाने जाहीर झाले, १९८४ ला केबल अँड ब्रॉडकास्टिंग कायदा. सप्टेंबर १९८४ मध्ये नव्या परवान्यांतलं पहिलं स्विंडन सुरू झालं. पण पाहा ना, १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅनल फोर आलं तेव्हा आमच्या चार जोड्यांच्या केबलवर चारही जागा भरल्या. पाचवं काही घालायचं तर जागाच नाही. पन्नास वर्षांची तार असून तिचा नव्या केबलला काडीचा उपयोग नव्हता, सगळं पुन्हा खणायचं. त्यात १९८४ च्याच अर्थसंकल्पात भांडवली खर्चावरची करसवलत काढायला सुरुवात झाली. खणणार कोण? मी त्याच्या आदल्या वर्षीच नोकरी सोडून टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं.

सुट्टीत मुंबईला आलो की मला हसू यायचं. १९८० च्या दशकात इथे पोरं एका इमारतीत व्हीसीआर ठेवून गच्चीवरून सगळ्या सोसायटीत वायर सोडत होती, कुणाला विचारलं नव्हतं. १९९१ ला स्टार टीव्ही आला तेव्हा त्यांच्या वायरी तयार होत्या. कायदा आला १९९५ ला. तिकडे परवाना आधी आणि त्यात बसेल तेवढीच तार, इकडे तार आधी आणि कायदा तिच्यामागे धापा टाकत. दोन्हीकडे ग्राहकाला जोडावर जोडच मिळाले हे वेगळं.

आता भाच्याने काय करावं? पन्हळीखालची वायर जवळजवळ नक्कीच मेलेली आहे. तरी कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून टेस्टर लावून घ्यावा, कारण जुन्या घरांत नंतरच्या कुणी त्याच भोकातून बागेच्या दिव्याची मेनची वायर ओढलेली मी दोनदा पाहिली आहे. बाहेरची वायर शेजाऱ्याच्या भिंतीवरूनही गेली असेल, तिला हात लावताना त्याला सांगावं. स्विचवरचा रंग घासायला तारेचा ब्रश वापरू नये, अक्षरं जातात. त्या वयाच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासूच नये. पातळ लाकडी पट्टीने हळूहळू सोलावा. आणि झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा सही आहे का ते पाहायला सांगा. आम्ही बसवताना लिहीत असू. तारा किती निघाल्या तेही कळवा, मग रेडिओचा की टीव्हीचा ते नक्की सांगतो.